पिंगियाची श्रद्धा : ‘पारायणवग्गा’तील एका शब्दप्रयोगाचा विचार

जालन्याचे नाव आज औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या कारखान्यांमुळे आणि बियाण्यांच्या व्यवसायामुळे सर्वांच्या तोंडी आहे. परंतु या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जी गोदावरी वाहते, तिचा काठ ‘सुत्तनिपाता’च्या अखेरच्या वग्गात बुद्धशिष्यांची एक कथा घेऊन उभा आहे, ही गोष्ट अभ्यासकांच्याही सहसा ध्यानी येत नाही. त्या कथेतील पिंगिय या वृद्ध शिष्याचा, आणि त्याला उद्देशून योजिलेल्या एका शब्दप्रयोगाचा विचार येथे करावयाचा आहे.

कथा थोडक्यात अशी. कोसल देशातून दक्षिणापथात आलेला बावरी नावाचा ब्राह्मण अस्सक व अळक (पाठभेदाने मुळक) यांच्या प्रदेशात गोदावरीच्या तीरी राहत असे. दान न मिळाल्याने रुष्ट झालेल्या एका याचकाने त्याला शाप दिला. त्या शापाने भयभीत झालेल्या बावरीने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठविले. पतिट्ठान म्हणजे पैठण येथून माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा असा मार्ग आक्रमीत ते मगधातील पासाणक चेतियापाशी पोहोचले. तेथे प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला. त्यांतील शेवटचा प्रश्नकर्ता पिंगिय होय.

या भागाचे स्तर वेगळे करून पाहिले पाहिजेत. बावरीची कथा, गोदावरी व प्रवासमार्ग हे सर्व आरंभीच्या 56 ‘वत्थुगाथां’त येते. या वग्गावरील प्राचीन भाष्य जे ‘निद्देस’, ते प्रश्नांचा आणि अंतीच्या गीताचा अर्थ सांगते. वत्थुगाथांना मात्र ते स्पर्श करीत नाही. उलटपक्षी, अजित, पुण्णक, उदय यांच्या प्रश्नांचे नामनिर्देश संयुत्त व अंगुत्तर या निकायांत आढळतात. तेव्हा प्रश्न प्राचीन आणि गोदातीराची चौकट नंतरची, असे मानणे प्राप्त आहे. म्हणून ती चौकट निराधार ठरते असे मात्र नव्हे. जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. वत्थुगाथांत हे नाव नाही. पण वेदिसेजवळच्या सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. येथील उपासक विदिशेपर्यंत दान पोहोचवीत होते, याचा हा शिलेवरील पुरावा होय. गाथाकाराने रचलेला मार्ग त्याच्या श्रोत्यांच्या परिचयाचा होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

आता पिंगियाकडे वळू. त्याचा प्रश्न तत्त्वजिज्ञासेपेक्षा शरीराच्या अनुभवातून उद्भवला आहे. मी जीर्ण झालो, बळ उरले नाही, डोळे निवळ नाहीत, कान साथ देत नाहीत. अशा मला मोहात असतानाच मरण येऊ नये, एवढेच त्याचे मागणे. उत्तरात बुद्ध रूपाचा त्याग करण्यास सांगतात. ज्याचे रूप आधीच त्याला सोडून चालले आहे, त्यालाच रूप सोडण्याचा उपदेश व्हावा, यात या संवादाचे मर्म आहे.

अट्ठकथा पिंगियाला बावरीचा भाचा ठरविते आणि सांगते की, उपदेश ऐकत असता ‘माझ्या मामाला हे ऐकावयास मिळाले नाही’ असा विचार मनात आल्यामुळे त्याला इतरांप्रमाणे अर्हत्त्व न लाभता अनागामिफलच लाभले. हे स्पष्टीकरण मूळ गाथांतून निघत नाही. शिवाय वत्थुगाथांत बावरीचे वय 120 वर्षांचे आणि भाष्यपरंपरेत पिंगियाचेही 120 वर्षांचेच. मामाभाच्यांचे हे समवयस्कत्व परंपरेच्या साचेबंदपणाचे द्योतक आहे. अट्ठकथेने जे वैगुण्य मानले, तेच काव्याच्या दृष्टीने पिंगियाचे वैशिष्ट्य ठरते. ऐकलेले परत घेऊन जाणारा तोच एक आहे.

शेवटच्या गीतात तो एका ब्राह्मणापुढे हे ‘पारायण’ पुन्हा गातो. पालीत ‘पारायण’ म्हणजे पैलतीरास नेणारा मार्ग. मराठीत ग्रंथाचे साद्यंत पठन. पिंगियाच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. अशा गुरूपासून क्षणभर तरी दूर कसा राहतोस, असे ब्राह्मण विचारतो. दूर नाहीच, रात्रंदिवस त्याला मनाने पाहतो. थकलेली काया तेथे जाऊ शकत नाही, पण मन त्याच्याशीच जोडलेले आहे, असे पिंगियाचे उत्तर आहे.

याच क्षणी बुद्धवाणी प्रकट होते. वक्कली, भद्रावुध व आळवी-गोतम यांचा दाखला देऊन ती पिंगियाला सांगते : ‘पमुञ्चस्सु सद्धं’. या दोन शब्दांचे दोन अर्थ संभवतात : ‘श्रद्धा टाकून दे’ किंवा ‘श्रद्धा प्रकट कर, मोकळी कर’. प्र-उपसर्गयुक्त मुच् धातू दोन्ही अर्थ सोसतो. मराठीतील ‘सोडणे’ या क्रियापदाची स्थिती अशीच आहे. ‘आशा सोडली’ यात त्याग आहे, ‘सुस्कारा सोडला’ यात उत्सर्ग आहे. तेव्हा केवळ धातूच्या बळावर निर्णय होणार नाही. संदर्भच साक्षीस बोलाविला पाहिजे.

पहिल्या अर्थाच्या बाजूने असे म्हणता येईल की, रूप सोडण्यास सांगणाऱ्या गुरूने अखेरीस श्रद्धेचाही आधार सोडावयास सांगावे, हे उपदेशाच्या ओघाला धरूनच आहे. हा अर्थ मोहक आहे, परंतु पुढील गाथांत तो टिकत नाही. ही वाणी ऐकून पिंगिय म्हणतो की, आपण आता अधिकच प्रसन्न, म्हणजे श्रद्धायुक्त, झालो. त्याग करण्याच्या आज्ञेला हे उत्तर विसंगत ठरेल. दुसरे असे की, अंतिम गाथेत तो स्वतःला ‘अधिमुत्तचित्त’ म्हणवितो. तोच मुच् धातू तेथे निश्चयाने एका ठिकाणी वळलेल्या चित्ताचा वाचक आहे. तिसरे, वक्कलीचा दाखला. संयुत्त निकायातील आजारी वक्कली बुद्धदर्शनासाठी तळमळतो, तेव्हा या कुजणाऱ्या देहाला पाहून काय मिळणार, धर्म पाहतो तोच मला पाहतो, असे त्याला सांगण्यात येते. दर्शनाची ओढ आणि असमर्थ शरीर हा दोघांतील समान धागा होय.

यावरून आमचे मत असे की, येथे श्रद्धेचा त्याग अभिप्रेत नसून तिची सुटका अभिप्रेत आहे. डोळ्यांनी पाहणे आणि पायांनी जाणे यांवर जी श्रद्धा अवलंबून होती, तिला त्या अवलंबनातून मुक्त करावयाचे आहे. भाषांतरकाराने ‘श्रद्धा मोकळी कर’ असे म्हटल्यास मूळ धातूचा ध्वनीही राखला जाईल, कारण ‘मोकळा’ हा शब्द व्युत्पत्तीने मुच् धातूच्याच प्राकृत परिवाराशी जोडला जातो.

सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर धर्मानंद कोसंबी यांनी केले, तेव्हापासून हा ग्रंथ मराठी वाचकास दुर्लभ राहिलेला नाही. मराठवाड्यातील पाली व मराठी या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी तो स्थळपुराण म्हणून न वाचता शब्दांच्या कसोटीवर वाचावा. पैठणचे नाव त्यात आले याचा अभिमान अल्पकाळ पुरतो. जर्जर माणसाला पैलतीर कसा गाठता येईल, या पिंगियाच्या प्रश्नाचे महत्त्व मात्र स्थळाच्या निश्चितीवर अवलंबून नाही.