मागे नव्हे, बाजूला

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मी सध्या वाराणसीत बसून हिंदीत आणते आहे. मलपृष्ठावर ‘समय-यात्रा की कहानी’ असे छापायचे, असा प्रकाशकांचा आग्रह आहे. मी ते शब्द दोनदा खोडले. प्रश्न नुसता विक्रीचा असता तर सोडून दिले असते. पण त्या शब्दांनी कथेचे मर्मच उलटे होते.

काळाच्या प्रवासाबाबत विज्ञान काय देते? वेगाने घड्याळ मंदावते, याला भरभक्कम पुरावा आहे. वातावरणात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मणारे म्यूऑन कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतात. तेवढ्यात प्रकाशही जेमतेम ६६० मीटर जातो. तरी त्यांतले कितीतरी जमिनीपर्यंत पोचतात, कारण आपल्या मोजणीत त्यांचे आयुष्य लांबते. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने गेलेला माणूस स्वतःचे एक वर्ष मोजून परतला, तर इथे दहा वर्षे उलटलेली असतील. मात्र वेग कितीही वाढवा, घड्याळ मंदावते. उलटे फिरत नाही. माझी शंका आहे ती ‘यात्रा’ या शब्दाबद्दल. काशीयात्रेला निघणारा पूर्वी निरवानिरव करून निघे आणि परतला तर मावंदे घाली. प्रकाशाच्या वेगाने जाऊन आलेल्याच्या मावंद्याला जुने पंगतकरी उरलेलेच नसतील.

हे दुःख पुराणालाही ठाऊक आहे. ककुद्मी राजा रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, घटकाभर गायन ऐकतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे सरतात. मनात योजलेले सगळे वर कधीच काळाआड गेलेले असतात. ही कथा सापेक्षतेचा पुरावा म्हणून सांगणारे इथे हमखास भेटतात. तिच्यात वेग नाही, गणित नाही. समकालीन गमावण्याची वेदना मात्र पुरेपूर आहे. तेवढे श्रेय तिला पुरे.

नारळीकर वाढले ते बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे गणिताचे विभागप्रमुख आणि सापेक्षतेचे संशोधक. अशा घरातून आलेल्या लेखकाला काळात मागे नेणारे यंत्र सहज रचता आले असते. आणि मराठी वाचकाला तेच हवे असते: १४ जानेवारी १७६१ला जावे आणि विश्वासरावांना लागणारी गोळी चुकवावी.

नारळीकर ते देत नाहीत. गंगाधरपंत ज्या मुंबईत पोचतात, तिथेही काळ आजचाच आहे. फक्त तिथल्या बखरीत गोळी विश्वासरावांना चाटून गेली आहे. ते भूतकाळात गेले नाहीत आणि भविष्यातही नाहीत. त्याच वर्तमानात, बाजूच्या जगात गेले. या एका निर्णयात कथेची सगळी ताकद आहे. मागे गेले असते तर विजय त्यांचा, म्हणजे आपला झाला असता. बाजूला गेल्यामुळे तो दुसऱ्यांचा राहतो. त्या जगात आझाद मैदानावर त्यांना धड भाषणही करू दिले जात नाही. हाती उरते बखरीचे एक फाटके पान. आपल्या इतिहासातला एक शब्दही बदलत नाही.

कथेत उणे आहेच. शेवटी मित्र राजेंद्र पुंजभौतिकीचा आधार घेऊन सगळे उलगडून सांगतो, तेव्हा दोन पात्रांच्या जागी फळा आणि खडू उरतात. गंगाधरपंतांच्या मनात त्या पानाने काय उलथापालथ केली, हे ककुद्मीची गोष्ट सांगणाऱ्याने ओळखले असते. नारळीकर ते शंकासमाधानात संपवतात. अनुवाद करताना हा भाग मला सर्वांत जड गेला. पण तो गाळावा, असे एकदाही वाटले नाही. वाचकाला फुकटचे पानिपत जिंकून न देण्याचा प्रामाणिकपणा त्याच रुक्ष संवादावर उभा आहे.

म्हणून खोडलेल्या ओळीच्या जागी मी लिहून पाठवले आहे: ‘एक ही समय, दो पानिपत’. प्रकाशकांचे उत्तर अजून यायचे आहे.