हात किती वर जातो?

‘ऑपरेशन यशस्वी झाले’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते. बहुधा ते थिएटरच्या दाराशी, शस्त्रक्रिया संपल्यावर थोड्याच वेळात उच्चारले जाते. हाडाच्या बाबतीत पुरावाही लगेच हाती येतो. एक्स-रेमध्ये प्लेट आणि स्क्रू जागच्या जागी दिसतात, तुटलेले तुकडे एका रेषेत आलेले असतात. पण उत्तरपत्रिका लिहून झाली म्हणजे निकाल लागला, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. हाड जुळले की नाही हे कळायला काही आठवडे लागतात. हात पूर्वीसारखा चालतो की नाही हे कळायला वर्ष जावे लागते आणि तोवर रुग्ण डॉक्टरांच्या नजरेआड गेलेला असतो.

हा साधा मुद्दा अमेरिकेतील बोस्टनच्या एका शल्यविशारदाने आयुष्यभर लावून धरला. त्याचे नाव अर्नेस्ट अमोरी कॉडमन (१८६९–१९४०). ‘अ स्टडी इन हॉस्पिटल एफिशियन्सी’ हे त्याचे पुस्तक पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने स्वतःच छापून काढले. वैद्यकीय उपचारांचे फलित मोजण्याच्या इतिहासात त्याचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. हा आदर कशासाठी आणि कॉडमनची पद्धत नेमकी कुठे अपुरी पडते, हे येथे पाहायचे आहे.

कॉडमनची कल्पना अगदी सोपी होती. प्रत्येक रुग्णासाठी खिशात मावेल एवढे एक कार्ड ठेवायचे. त्यावर तक्रार काय, निदान काय, उपचार काय, गुंतागुंत कोणती, हे लिहायचे. वर्षभराने रुग्णाला पुन्हा गाठायचे आणि त्याची स्थिती त्याच कार्डावर नोंदवायची. रुग्ण पूर्ण बरा नसेल, तर का नाही, याचे कारणही लिहायचे. खरी गोम या शेवटच्या रकान्यात होती. कारणांचे त्याने गट पाडले होते: कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, निदान चुकले, काळजी किंवा साधने अपुरी पडली, आजारच आवाक्याबाहेरचा होता, रुग्णाने उपचार नाकारले.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती ज्येष्ठतेने मिळत असे, रुग्णांच्या फलितावरून नव्हे. याच्या निषेधार्थ कॉडमनने १९१४ मध्ये तेथील पदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी जानेवारीत डॉक्टरांच्या एका सभेत त्याने एक भले मोठे व्यंगचित्र उघडले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग शहरातील श्रीमंतांकडे सोन्याची अंडी लाथाडतो आहे, असे ते चित्र होते. सभेत गदारोळ झाला आणि स्थानिक संघटनेतील अध्यक्षपदही त्याला सोडावे लागले. त्याचे स्वतःचे छोटे रुग्णालय मात्र १९११ पासून चालू होते. १९११ ते १९१६ या काळात तेथून ३३७ रुग्ण घरी गेले आणि त्यांच्या संदर्भात १२३ चुका त्याने नोंदवल्या, छापल्या. आपल्या हातून ढोबळ चूक झाली आणि ती आपल्या लक्षातही आली नाही, असे एका शस्त्रक्रियेबद्दल तो सरळ लिहून टाकतो. शंभर टक्के निकालाचे फलक लावणाऱ्यांच्या जगात हे वाचताना जरा थबकायला होते.

त्याच्या काळातील इतर रुग्णालयांची अवस्था एका घटनेवरून कळते. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने १०० किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली. किमान निकषांना उतरली फक्त ८९. १९१९ मध्ये हे आकडे जाहीर झाले खरे, पण रुग्णालयांच्या नावांची यादी बाहेर पडू नये म्हणून न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली.

इथपर्यंत कॉडमन निःसंशय मोठा आहे. पण ‘वर्षभराने पाहा’ या त्याच्या नियमात एक खोट आहे आणि गंमत अशी, की ती त्याच्याच आवडत्या सांध्यात सापडते. खांदा हा त्याचा खास अभ्यासविषय होता. ‘द शोल्डर’ हा त्याचा ग्रंथ १९३४ मध्ये निघाला. आपल्याकडे ‘खांदा आखडला’ म्हणतात त्या दुखण्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्यानेच त्या ग्रंथात दिले. तेथेच तो असेही नोंदवतो, की फार रेंगाळलेले रुग्णसुद्धा साधारण दोन वर्षांत बरे होतात, मग उपचार करा अथवा न करा. (काहींच्या खांद्यात थोडी वेदना आणि ताठरपणा उरतो, हे पुढे दिसून आले.)

आता असे समजा, की अशा रुग्णांपैकी काहींना एकाने तेल चोळले, काहींना दुसऱ्याने इंजेक्शन दिले आणि काहींची तिसऱ्याने शस्त्रक्रिया केली. तिघांनीही प्रामाणिकपणे कार्डे ठेवली. वर्षा-दोन वर्षांनी तिघांच्याही कार्डांवर ‘सुधारणा’ असे दिसेल आणि तिघेही आपापल्या उपायाची ग्वाही देतील. रुग्ण बरा झाला एवढेच कार्ड सांगते. उपचारामुळे बरा झाला का, हे त्याला सांगता येत नाही. दोन शल्यविशारदांची तुलना करतानाही तीच अडचण येते. प्रवेशालाच ऐंशी टक्क्यांची अट घालणाऱ्या शाळेचा निकाल आणि गावातल्या सगळ्या मुलांना घेणाऱ्या शाळेचा निकाल शेजारी मांडून काय कळते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

तुलना करायची तर गट सारखे हवेत आणि ते सारखे होण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. ब्रिटनमध्ये खांद्याजवळच्या अस्थिभंगावर असा प्रयोग झाला. ‘प्रॉफर’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दंडाचे हाड खांद्यालगत मोडून तुकडे सरकलेले २५० रुग्ण त्यात होते. चिठ्ठीने १२५ जण शस्त्रक्रियेच्या गटात गेले, १२५ जणांना फक्त गळ्यात झोळी दिली. व्यायाम दोन्ही गटांना सारखेच. दोन वर्षांतील सरासरी गुण ४८ पैकी एका गटाचे ३९.०७, दुसऱ्याचे ३८.३२ आले. पाच गुणांपेक्षा कमी फरक रुग्णाला जाणवण्याजोगा नाही, असे संशोधकांनी आधीच ठरवले होते. येथे तर एक गुणही नाही.

हाडाचे तुकडे जागेवरून सरकलेले असूनही हात चालतो, हे कसे? खांदा हा उखळीचा सांधा आहे, पण त्याची उखळी अगदी उथळ असते आणि हात वर नेण्याचे सगळे काम ती एकटी करत नाही. वर्गात करून पाहा. एका विद्यार्थ्याला उभे करा, त्याच्या पाठीवरील खांद्याच्या फऱ्यावर तळहात ठेवा आणि त्याला हात बाजूने हळूहळू डोक्यापर्यंत न्यायला सांगा. फरा फिरत असलेला स्पष्ट जाणवेल. एकूण सुमारे १८० अंशांपैकी १२० अंश सांध्यातून आणि ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून येतात. सांध्याची हालचाल घटली तर फरा काही प्रमाणात उणीव भरून काढतो. या जोडीच्या हालचालीकडे लक्ष वेधणाराही कॉडमनच. आणि दंडाचे हाड येथे कोणत्या चार तुकड्यांत मोडते, हेही त्यानेच दाखवले होते.

‘प्रॉफर’वरून ‘खांद्याची शस्त्रक्रिया निरुपयोगी’ असा मथळा कोणी दिला, तर तो चूक ठरेल. ज्यांना शस्त्रक्रिया हवीच असे सर्जनना स्पष्ट वाटले, ते रुग्ण यात नव्हते. सांधाही निखळला होता, असे रुग्णही नव्हते. निष्कर्ष लागू होतो तो ‘करावी की न करावी’ अशा शंकेच्या जागी. पण तशा जागा पुष्कळ असतात.

आखडलेल्या खांद्यावरही ब्रिटनमध्येच तीन उपायांची तुलना झाली. ५०३ रुग्णांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. वर्षअखेर तिन्ही गटांचे सरासरी गुण ३७ ते ४० च्या दरम्यान होते. त्यात ‘काहीच न करणे’ हा चौथा गट नव्हता. कॉडमनचे वाक्य आठवले, की त्याची उणीव फार जाणवते.

हे ४८ गुण येतात कुठून? ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली बारा प्रश्नांची एक यादी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, आणि ते देतो रुग्ण स्वतः. एक्स-रे बघून डॉक्टर देत नाही. यादीची ही फार चांगली बाजू. प्रश्न वेदनेचे आहेत, झोपेचे आहेत, केस विंचरण्याचे आहेत. पण एक प्रश्न काटा आणि सुरी एकाच वेळी वापरता येतात का, असा आहे. दुसरा कपाटात कपडे टांगण्याचा. बीडहून कोल्हापूरकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला हे विचारून काय कळणार? तिच्या हातात कोयता असतो, डोक्यावर मोळी असते. शब्दांचे नुसते भाषांतर केल्याने ही अडचण सुटत नाही. कामेच वेगळी आहेत. शिवाय हंगाम संपला की ती गावी परतते. तिचे वर्षानंतरचे कार्ड कोण भरणार? तपासणीला न आलेला रुग्ण बरा झाला म्हणून आला नाही, की कंटाळून दुसरीकडे गेला, हे कोऱ्या रकान्यावरून ठरत नाही. आकडेमोडीत अशांना बऱ्यांच्या बाजूला टाकण्याचा मोह मात्र होतो.

आणखी एक गोष्ट सरासरीत हरवते. ३८ गुणांच्या गटात काहींचे ४५ असतील, काहींचे २०. वीसवाल्याचे का बिघडले, हे सरासरी विचारत नाही. कॉडमनचा तो शेवटचा रकाना नेमके हेच विचारत होता. चिठ्ठ्यांच्या प्रयोगांनी त्याच्या कार्डाची मोठी उणीव भरून काढली, पण हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच राहिला.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना खांद्याच्या हालचालींची आपल्या घरांतली यादी करायला सांगता येईल. वलणीवर कपडे वाळत घालणे, पाठीमागे वेणी घालणे, कळशी उचलणे, एसटीत वरचा दांडा धरून उभे राहणे. प्रत्येक कामाला हात किती अंश वर किंवा मागे जातो, हे कोनमापकाने मोजता येते. शिक्षकांनी आपल्या वतीने त्यात एक भर घालावी: फळ्याच्या अगदी वरच्या ओळीत, खडू न टेकवता थांबता, एक पूर्ण वाक्य लिहिता येते का?