अनामिकेचा लोप : अल्ताइर आणि इतिहासाची संहिता

व्हिडिओ गेमला 'संहिता' म्हणावे की नाही, हा वाद येथे बाजूला ठेवू. 'युबिसॉफ्ट'च्या माँट्रियल येथील चमूने २००७ साली सिद्ध केलेल्या 'असॅसिन्स क्रीड'चा नायक अल्ताइर इब्न-ला'अहद याचे नावच वाचनाला आवाहन करते. 'इब्न' म्हणजे पुत्र आणि 'ला अहद' म्हणजे कोणीही नाही. व्यक्तीची ओळख पित्याच्या नावाने सांगण्याची अरबी रीत येथे पाळली आहे. पित्याची जागा तेवढी रिकामी आहे. शिरोवस्त्राच्या छायेतला चेहरा आणि गुप्त पात्यासाठी छाटलेले डाव्या हाताचे बोट ही त्याच अभावाची चिन्हे. (छाटलेले बोट अनामिका आहे, हा योग मराठी वाचकापुरताच!) अल्ताइर गूढ वाटतो तो काही लपविले आहे म्हणून नव्हे, लपविण्याजोगे त्याच्यापाशी फारसे ठेवलेलेच नाही.

खेळणारा मुळात अल्ताइर नसतोच. तो असतो २०१२ सालातला डेस्मंड, 'अॅनिमस' नामक यंत्रात पूर्वजाची स्मृती पुन्हा जगणारा. त्याने निरपराध नागरिकांना मारत सुटायचे ठरविले तर स्मृती तुटते, कारण अल्ताइरने तसे केलेले नव्हते. इतिहास येथे नेपथ्य न राहता निषेध होतो, आणि या कृतीचे खरे सामर्थ्य मला याच नियमात दिसते. परंतु हा निषेध सोयीचा आहे. ११९१च्या अर्सुफ येथील रणभूमीवर अल्ताइर टेम्पलरांचा प्रमुख रॉबेर द साब्ले याला ठार करतो. इतिहासातला साब्ले ११९३ साली मरण पावला. नागरिकाच्या वधाला हरकत घेणारी स्मृती या दोन वर्षांविषयी मौन पाळते.

त्याहून मोठे मौन पंथाविषयी आहे. मस्याफचा किल्ला निझारी इस्माइलींचा होता. हशीश आणि नंदनवन यांच्या दंतकथा त्यांच्याभोवती इतरांनी रचल्या. त्या कशा रचल्या गेल्या, याची चिकित्सा फरहाद दफ्तरी यांनी १९९४ साली केली. व्लादिमिर बार्तोल यांची 'अलामुत' (१९३८) ही स्लोव्हेनियन कादंबरी या खेळामागची एक प्रेरणा. खेळाने दंतकथेतला मारेकरी उचलला. इस्माइली श्रद्धेला मात्र कथेत स्थान दिले नाही. प्रारंभीच ही कृती विविध श्रद्धांच्या लोकांनी घडविली असल्याचे निवेदन येते. ते सद्भावाचे असेलही, पण ज्यांची श्रद्धा वगळली त्यांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

मुंबईकर वाचकाला हा प्रश्न दूरचा नाही. १८६६च्या खोजा खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी पहिल्या आगाखानांची परंपरा अलामुतच्या अधिपतींपर्यंत मान्य केली. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. ज्या परंपरेची वंशावळ न्यायालयात तपासली गेली, तिच्यावर बेतलेला नायक कोणाचाच पुत्र नसावा, हे केवळ नामकरणाचे वैचित्र्य मानता येत नाही.

२०११ सालच्या 'द सीक्रेट क्रुसेड' या कादंबरीत अल्ताइरला उमर नावाचा पिता मिळाला. गंमत अशी, की 'इब्न-ला'अहद' हे पद उमरलाही जोडलेले आहे; म्हणजे मूळ खेळातला अभाव तेथे नुसते आडनाव होऊन बसला. त्या कादंबरीचा विचार मात्र स्वतंत्रपणेच करावा लागेल.