‘तारे जमीन पर’ : वर्गमित्रांच्या दृष्टीतील अक्षमता

आमीर खान दिग्दर्शित ‘तारे जमीन पर’ (२००७) या हिंदी चित्रपटाने डिस्लेक्सियाचा प्रश्न पालक-शिक्षकांपुढे प्रभावीपणे मांडला; तथापि मुलांच्या आकलनाच्या अंगाने त्याची मर्यादा जाणवते. निकुंभ सर वर्गाला ही अडचण समजावतात ती आइन्स्टाइनसारख्या प्रतिभावंतांच्या दाखल्यांतून. ईशानचा सर्वांकडून गौरव होतो तोही चित्रकला स्पर्धा जिंकल्यावर. म्हणजे स्वीकारासाठी असामान्य गुण आवश्यक ठरतो. मग असा गुण नसलेल्या मुलाचे काय? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता देताना प्रतिभेची अट घातलेली नाही. याचे उत्तर चित्रपटातच आहे. अस्थिव्यंग असलेला राजन ईशानशी मैत्री करतो, ती त्याची चित्रे पाहण्यापूर्वीच. मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावयाची ती ही विनाअट मैत्री होय.