छावणीचा कायदा आणि मराठी गद्य

शिवकालीन पत्रांतील काही वचने आपल्या सभासंमेलनांतून इतक्या वेळा ऐकावयास मिळतात, की ती मुळात कोणी, कोणास आणि कोणत्या प्रसंगी लिहिली हे पाहण्याची गरज कोणास भासत नाही. रयतेच्या भाजीच्या देठाचीही अभिलाषा धरू नये, या आशयाचे वचन अशांपैकीच एक होय. शिवाजी महाराजांच्या लष्करी शिस्तीचा दाखला म्हणून ते सर्रास दिले जाते. वस्तुतः ते १६७६ च्या सप्टेंबरात प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास गेलेल्या पत्रातील आहे, आणि त्या पत्राचा विषय फौज नसून लागवड, वसुली आणि गरीब कुळास द्यावयाचे साहाय्य हा आहे. म्हणजे ती ताकीद शिपायाला नव्हे, मुलकी अधिकाऱ्याला आहे. सरकारी चाकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकाने तरी हा फरक विसरू नये.

फौजेस उद्देशून लिहिलेले पत्र निराळे आहे. ते चिपळूणनजीक छावणी करून राहिलेल्या पागेच्या जुमलेदारांस, हवालदारांस आणि कारकुनांस गेलेले असून त्याची मिती १६७३ च्या, काही अभ्यासकांच्या मते १६७४ च्या, मे महिन्यातील आहे. राजवाड्यांच्या साधनखंडांमुळे ते सर्वांस उपलब्ध झाले. इतिहासकारांनी त्याचा उपयोग भरपूर केला. परंतु ते मराठी गद्याचा एक नमुना म्हणून, आणि लष्करी कायद्याचे एक विलक्षण रूप म्हणून, जितक्या बारकाईने वाचले जावयास हवे होते तितके वाचले गेले नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

पत्राची मांडणी पाहावी. त्याचा आरंभ आज्ञेने होत नाही, कोठाराच्या हिशेबाने होतो. पावसाळ्याकरिता दाणावैरण साठविलेली आहे. ती सारा पावसाळा पुरली पाहिजे. आज मनास येईल तशी उधळली, तर ऐन पावसात काही उरणार नाही. मग घोडी उपाशी पडतील आणि मरतील. आणि ती तुम्हीच मारली असे होईल. येथवर प्रश्न केवळ राज्याच्या मालमत्तेचा आहे. परंतु पत्र येथे थांबत नाही. घोडी उपाशी पडली म्हणजे तुम्ही मुलखात शिराल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजीपाला. मग जे कुणबी अद्याप घर धरून राहिले आहेत तेही उठून जातील. काहींवर उपासमारीची पाळी येईल. आणि त्यांना वाटेल, की मोगल मुलखात आले होते ते परवडले, हे त्यांच्याहून वाईट. यास्तव जे लागेल ते बाजारी जाऊन रास्त दामाने विकत घ्यावे; कोणावर जुलूम करण्याची, कोणाशी कलागत करण्याची गरज नाही.

यानंतर आगीविषयीचा भाग येतो आणि तेथे पत्रलेखकाची दृष्टी अधिकच सूक्ष्म होते. कोणी शेकोट्या पेटवील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तमाखूसाठी विस्तव नेईल. जवळ गवत पडले आहे, वारा सुटला आहे, याचे भान कोणास राहणार नाही. एक खण पेटला की सारे पेटतील. मग कुणब्यांची डोकी उडविली किंवा कारकुनांस कितीही ताकीद दिली, तरी खण उभारावयास एक लाकूड मिळणार नाही. म्हणून अधिकाऱ्यांनी स्वतः फिरत राहून पाहावे. रात्री घरात दिवा ठेवू देऊ नये, कारण जळती वात उंदीर ओढून नेईल.

राज्यकर्त्याच्या पत्रात उंदीर यावा, ही गोष्ट वाङ्मयदृष्ट्या लहान नाही. बखरींतून आणि पोवाड्यांतून आपणास पराक्रमाचे गद्यपद्य मिळाले. पण पराक्रमाच्या मधल्या रिकाम्या चार महिन्यांत, आळसावलेल्या शिपायाच्या खोपटात काय घडू शकते, याचे चित्र तेथे क्वचितच आढळते. या पत्रात अधिकाराचे व चाकरीचे शब्द बरेचसे फारशी वळणाचे आहेत. त्या काळच्या दप्तराची भाषाच तशी होती. परंतु जेथे भाकर, गवत, चूल, वात, उंदीर यांची गोष्ट निघते तेथे भाषा एकदम घरची होते. वाक्ये लहान होतात, एकापुढे एक शक्यता येत जाते. लिहिले कारकुनाने असले तरी बोलणारा माणूस छावणीत राहिलेला आहे, हे जाणवल्यावाचून राहत नाही.

आता या पत्राच्या शेजारी आजचा कायदा ठेवून पाहू. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टचे छत्तिसावे कलम असे सांगते, की लुटीच्या शोधात कोणाच्या घरात शिरणाऱ्यास, तो सक्रिय सेवेवर असल्यास, कोर्ट मार्शल चौदा वर्षांपर्यंत कारावास देऊ शकेल. एरवी सात वर्षांपर्यंत. कलम आपल्या जागी बरोबर आहे. गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षेची मर्यादा यांत संदिग्धता राहू नये म्हणून कायद्याला कारणे आणि चित्रे बाजूस ठेवावीच लागतात. आरोपीच्या दृष्टीने तर ही कोरडी भाषा हेच संरक्षण होय. लहरी हुजुराच्या रागापेक्षा मोजून दिलेली चौदा वर्षे बरी. परंतु कलम वाचून शिपायास आपले काय होईल एवढेच कळते. ज्याच्या घरात तो शिरला त्याचे काय होते, हे कळत नाही. चिपळूणच्या पत्राचे सामर्थ्य नेमके येथे आहे. ते शिक्षेपाशी उशिरा येते, आणि येते तेव्हाही वर्षे मोजीत नाही. ज्याच्याकडून आगळीक होईल त्याची मराठा म्हणून अब्रू राहणार नाही आणि अब्रू गेल्यावर चाकरी कसली, असा त्याचा रोख आहे. आज्ञा पाळणाऱ्याला आज्ञेमागचा विचार समजण्याची पात्रता आहे, असे गृहीत धरणारे हे गद्य आहे.

ही वृत्ती एकाच पत्रापुरती नव्हती. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत फौजेचे नियम दिले आहेत. त्यांत लष्करात बायकामाणूस बाळगणाऱ्यास देहान्त शासन आहे. परमुलखात बायकापोरे धरण्यास मनाई आहे. आणि मोहिमेस निघताना प्रत्येकाच्या मालमत्तेची नोंद करून परतल्यावर झाडा घेण्याची व्यवस्था आहे. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा प्रश्न येतो, तेव्हाही तीच दृष्टी दिसते. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती बळाने तोडू नयेत. एखादे फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. सभासदाची भाषा नोंदवहीची, तर अमात्यांची चिंतनशील; तरी दोघांच्या मागे चिपळूणच्या पत्राचाच विचार उभा आहे.

येथवर आपण अभिमानाने वाचू शकतो. पण समीक्षकाचे काम अभिमानापाशी संपत नाही. या नियमांना एक सीमा होती, ती स्पष्टपणे दाखविली पाहिजे. चिपळूणच्या पत्रातील कुणबी आपल्या मुलखातला आहे. सभासदाचे नियम परमुलखातील बायकापोरांस अभय देतात, पण तेथील धन आणणे हेच फौजेचे काम मानतात. झाडा घ्यावयाचा तो लूट सरकारजमा व्हावी म्हणून. सुरत १६६४ मध्ये लुटली गेली आणि १६७० मध्ये पुन्हा. त्या काळाच्या राजनीतीत यास समर्थन होते, आणि आजच्या कसोट्या मागे नेऊन लावणे योग्य नव्हे. तथापि जो नियम सीमेपाशी थांबतो, त्याची खरी परीक्षा सीमा पुढे सरकू लागली म्हणजेच होते.

ती परीक्षा पुढच्या शतकात, आपण आज जेथे नोकरीनिमित्त राहतो त्याच वाटेवर झाली. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४१ च्या सुमारास छत्तीसगडात आले, रतनपूरचे हैहय राज्य त्यांच्यापुढे नमले, आणि पुढे फौजा बंगालकडे गेल्या. १७४२ पासून १७५१ च्या तहापर्यंत या स्वाऱ्या चालू होत्या. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून मानकऱ्याच्या मुक्कामी भास्कररामास दगा दिला, हे आपल्या शालेय इतिहासात आवर्जून सांगितले जाते. त्या दहा वर्षांत बंगालच्या गावांवर काय गुदरले, हे तितकेसे सांगितले जात नाही.

ते ज्यास पाहावयाचे असेल त्याने गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे 'महाराष्ट्र पुराण' वाचावे. ते १७५१ चे असून त्याचे डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा कवी मराठ्यांचा जन्मजात द्वेष्टा नव्हे. पृथ्वीवर पापाचा भार वाढला म्हणून शिवाच्याच इच्छेने शाहू राजाला प्रेरणा होते आणि मराठे येतात, अशी त्याने काव्याची उभारणी केली आहे. पण फौज आल्यावर तो डोळे मिटत नाही. पोथ्या घेऊन पळणारे पंडित, तराजू घेऊन पळणारे सोनार, जाळी घेऊन पळणारे कोळी यांची तो यादी करतो. जाळलेली गावे आणि स्त्रियांवरील अत्याचार सांगतो. अखेर देवीनेच या फौजेकडे पाठ फिरविली, असा त्याचा निकाल आहे. कोर्ट मार्शलमध्ये फिर्यादीची साक्ष असते. येथे ती एका काव्याच्या रूपाने नोंदली गेली आहे.

या साक्षीत आपल्या भाषेतला एक शब्द आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे. बंगालीत त्या स्वारांना 'बर्गी' म्हणतात. हा आपला 'बारगीर'. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येई. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. म्हणजे बारगीर हा पागेचा माणूस, सरकारी कोठारावर पोसलेला, सर्वांत अधिक शिस्तीखालचा स्वार. चिपळूणचे पत्र ज्या पागेला लिहिले आहे ती याच बारगिरांची. शंभर वर्षे पुरती झाली नाहीत तोच त्याच शब्दाने बंगालच्या आया मुलांना भय दाखवून निजवू लागल्या. त्यांच्या अंगाईगीतात बर्गीच्या पाठोपाठ नाहीसे झालेले धान्य आणि भागवावयाची वसुली यांची चिंता येते. चिपळूणच्या पत्रातही काळजी दाण्याचीच होती. त्या पत्राने दिलेला अब्रूचा इशारा असा खरा झाला. फरक इतकाच, की ती एका शिपायाची न जाता एका शब्दाची, आणि त्या शब्दाबरोबर आपणा सर्वांची गेली.

असे का झाले? माणसे बिघडली, हे उत्तर सोपे आणि म्हणूनच अपुरे आहे. चिपळूणच्या पत्राचा आरंभ कोठाराने होतो, याकडे पुन्हा लक्ष द्यावे. आधी राज्याने साठा केला, पैका दिला, बाजार उघडा ठेवला. मग शिपायास सांगितले, की आता कुणब्याच्या दारी जाण्याचे तुला कारण नाही. शिस्त ही प्रथम पाठविणाऱ्याची जबाबदारी आणि नंतर पाळणाऱ्याची, हा त्या पत्राचा खरा कायदा होय. पुढच्या शतकात फौजा घरापासून शेकडो कोस दूर गेल्या. त्यांचा खर्च चौथाईतून, खंडणीतून आणि लुटीतूनच भागावयाचा होता. ज्या फौजेचे कोठार परमुलखातील कुणब्याचे घर हेच असते, तिला बाजारी जाऊन रास्त दामाने घे, असे पत्र कोण लिहिणार? लिहिले तरी कोण पाळणार? हुकूम देणाऱ्याने आपला अर्धा भाग पार पाडला नाही, म्हणून शिपायाच्या अर्ध्या भागास अर्थ उरला नाही. शिपायाचा दोष याने धुऊन निघत नाही. पण तो एकट्याचाही राहत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहूनच छत्तीसगडचा कारभार पाहत होते. वाटेत लागणारा मुलूख आणि ज्यात आपले घर आहे तो मुलूख, यांत राज्यकर्ता निराळा वागतो. कुणबी आपला केव्हा होतो, तर त्याच्या शेजारी चार पावसाळे काढावे लागतात तेव्हा.

भिलाईतील वाचकास हे सारे अगदीच पुरातन वाटू नये. येथील पोलाद कारखान्याच्या दारांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान उभे असतात. १९६८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या त्या दलास १९८३ मध्ये संघराज्याच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. आत भट्ट्या आणि वायूचे नळ आहेत. एका बेसावध ठिणगीने काय होईल, हे येथे कोणास शिकवावे लागत नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आयुष्य परिपत्रके काढण्यात आणि आरोपपत्रे वाचण्यात गेले आहे. त्या लेखनात कलमांचे आकडे बिनचूक असतात. परंतु हुकूम निघण्यापूर्वी कोठारात काय आहे हे पाहिले होते काय, आणि तो मोडला तर नुकसान कोणाच्या घरात जाऊन पोहोचते हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होते काय, ही दोन्ही त्यांतून सहसा उमगत नाहीत. मराठीत या दोन्ही गोष्टी साधणारे लेखन साडेतीनशे वर्षांपूर्वी झालेले आहे. ते सभेत वचनापुरते न वापरता टेबलावर ठेवून सावकाश वाचावे, आणि शक्य तर गंगारामाच्या पुराणाशेजारी ठेवून वाचावे. शेजारच्या क्वार्टरमधील बंगाली कुटुंबाला 'बर्गी' हा शब्द आपल्याआधीपासून ठाऊक आहे. तो मुळात कोणाचा होता आणि कसा बदलला, हे त्यांना सांगण्याइतके तरी आपण वाचलेले असावे.