सीसी पाठवा आणि वाट पाहा

सुपर निन्टेन्डोसाठी स्वतः प्रोग्रॅम लिहायला बसलात, की आवाज सुरू करण्याचं एक तयार रुटीन हाती पडतंच. एए आणि बीबी दिसेपर्यंत थांबा, सीसी पाठवा, मग एकेक बाइट. पूजा सांगणाऱ्या गुरुजींसारखं: आता पाणी सोडा, आता अक्षता वाहा. मीही तसंच केलं. पहिल्या लेव्हलला संगीत वाजलं. दुसऱ्या लेव्हलचं पाठवायला गेले आणि सगळं गोठलं. दोन रात्री गेल्या.

का गोठलं, हे रुटीनमध्ये नव्हतं. १९९० च्या या कन्सोलमध्ये सोनीच्या एसपीसी७०० ला स्वतःची ६४ केबी मेमरी आहे. मुख्य प्रोसेसरला ती थेट दिसत नाही. मध्ये फक्त चार पोर्ट, २१४० ते २१४३. रिसेटनंतर ६४ बाइटचा एक छोटा रॉम चालतो आणि एए-बीबी तोच दाखवतो. तुमचा ड्रायव्हर सुरू झाला की तो गप्प. पुन्हा हवा असेल तर ड्रायव्हरनेच एफएफसी० वर उडी मारायला हवी.

रॉमचं कौतुक आहेच. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऑसिलेटरवर चालतात, त्यामुळे ‘इतका वेळ थांब’ असं मोजून भागत नाही. क्रमांक पाठवा, तोच परत येऊ द्या, हे योग्यच. पण परत काय येतं ते बघा: फक्त क्रमांक, डेटा नाही. रॉमचा कोड उघडलात तर दिसेल, तो आधी बाइट वाचतो, मग क्रमांक परत करतो आणि मेमरीत लिहितो त्यानंतर. म्हणजे पोचपावतीचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच. चेकसम नाहीच. म्हणून डेटा २१४१ मध्ये आधी, क्रमांक २१४० मध्ये नंतर. उलट केलंत तर जुनाच बाइट उचलला जाऊ शकतो, आणि पोचपावती मात्र बिनचूक येईल!

माझी तक्रार रुटीनच्या कोडबद्दल नाही, टिपांबद्दल आहे. ‘सीसी लिहा’ ही टीप कोडच पुन्हा वाचून दाखवते. समोर कोण ऐकतंय, कधी ऐकणार नाही, यावर एक ओळ नाही. (सिनिअरकडून मिळालेली डेटा-प्रोसेसिंगची स्क्रिप्ट आठवली ना?) आणि वाट पाहणाऱ्या लूपला मर्यादाच नाही, त्यामुळे बिघाड झाला तरी कळत नाही कुठे.

मी त्यात फेऱ्यांची मोजणी घातली. मर्यादा ओलांडली की स्क्रीन लाल. लगेच लाल झाली. मग ड्रायव्हरमध्ये एफएफसी० वर उडी घातली, तरी लालच. एफ१ रजिस्टरचा सातवा बिट, रॉम मेमरीत दिसू देणारा, मीच बंद करून ठेवला होता.