घर कोणी सजवायचं? ३२ टक्क्यांचा पेपर आणि त्यातली चौथी खोली

गेल्या महिन्यात दादाने घरच्या ग्रुपवर एक लिंक टाकली. स्वतः सजवलेल्या जागेत माणूस ३२ टक्के जास्त काम करतो, असं 'संशोधन' सांगतं म्हणे. खाली माझ्यासाठी प्रश्न: 'बघ गं, खरं आहे का हे? की आपले सात लाख पाण्यात गेले?'

सात लाखांची गोष्ट आधी सांगते, म्हणजे माझा पूर्वग्रह कुठून येतो ते कळेल. बाबा दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले आणि साताऱ्यात टू बीएचके घेतला. आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसांचं पहिलं स्वतःचं घर. दादा म्हणाला, आता सुतार, रंगारी यांच्या मागे फिरायचं वय नाही, इंटिरियर डिझायनर लावू. मी म्हणाले, आपलं आपण करू, मी सुट्टी काढते. शेवटी डिझायनर लागला. फंडाच्या पैशातला बराच भाग त्यात गेला. घर दिसतं सुंदर. फक्त आई अजून त्या हॉलमध्ये बसत नाही, आतल्या खोलीत खाटेवर बसते.

आता पेपरकडे. बातमीतला आकडा खोटा नाही. क्रेग नाइट आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम या एक्सेटर विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा हा पेपर, २०१० साली 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी: अप्लाइड' मध्ये आला. दोन प्रयोग आहेत, पहिल्यात ११२ माणसं, दुसऱ्यात लंडनमधल्या एका खऱ्या ऑफिसातली ४७. कल्पना साधी आहे. एका छोट्या खोलीत टेबलावर बसून काम करायचं, लागलेला वेळ आणि झालेल्या चुका मोजायच्या. खोली मात्र चार प्रकारची. पहिली रिकामी: टेबल, खुर्ची, बाकी काही नाही. दुसरीत झाडांच्या कुंड्या आणि चित्रं, पण ती आधीच कोणीतरी लावून ठेवलेली. तिसरीत त्याच कुंड्या, तीच चित्रं, पण तुम्हाला हवी तशी तुम्ही मांडायची. नको असतील तर सगळी बाहेर काढा, खोली पुन्हा रिकामी करा, तुमची मर्जी. चौथ्या खोलीकडे नंतर येते.

रिकाम्या खोलीच्या तुलनेत सजवून दिलेल्या खोलीत लोकांनी १७ टक्के जास्त काम केलं आणि स्वतः सजवलेल्या खोलीत ३२ टक्के. चुका वाढल्या नाहीत. बातम्यांना ३२ मिळाले आणि विषय संपला.

पण थांबा. दादाचा प्रश्न 'रिकामं घर की सजवलेलं घर' असा नव्हताच. रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं. प्रश्न होता 'डिझायनर की आपण', म्हणजे दुसरी खोली की तिसरी. १३२ ला ११७ ने भागा, फरक उरतो साधारण १३ टक्क्यांचा. हाही कमी नाही, पण ३२ नक्कीच नाही. तुलना कशाशी केली हे गाळून आकडा सांगायचा, हा प्रकार आमच्या लॅबमध्येही चालतो. (आमच्या कॅटॅलिस्टची 'कार्यक्षमता ४० टक्के वाढली' असं पोस्टरवर लिहिताना मीही कशाच्या तुलनेत हे बारीक अक्षरात लिहिलंय. असो.)

दुसरी अडचण अशी की दुसऱ्या खोलीतल्या माणसाला कोणी काही विचारलेलं नव्हतं. खरा डिझायनर विचारतो. पहिल्या मीटिंगला दीड तास बसतो, वहीत लिहून घेतो, तुमच्या सवयी विचारतो. त्यामुळे 'डिझायनर म्हणजे दुसरी खोली' हे समीकरणही कच्चं आहे. तिसरं म्हणजे कुंड्या आणि चित्रं. कुंडी चुकली तर उचलून ठेवता येते. सिंकखालचं कपाट चुकलं तर? तिथे साधं कमर्शियल प्लाय लावलं की दोन पावसाळ्यांत फुगतं. बीडब्ल्यूआर किंवा मरीन प्लाय लागतं, आणि मरीन म्हणून दिलं असेल तर शिक्क्यावर आयएस ७१० लिहिलंय की नाही हे बघावं लागतं. मला हे डिझायनरमुळेच कळलं. फ्रिजचा पॉइंट, गीझरची वायर, कुठली भिंत फोडता येते आणि कुठे आत कॉलम आहे, यातलं काहीही त्या पेपरमध्ये नाही, असायचं कारणही नव्हतं. माझ्या 'आपलं आपण करू' मध्ये हे सगळं यूट्यूब बघून निभावेल असा आत्मविश्वास होता. त्याची आज थोडी लाज वाटते.

इथे कोणीतरी 'आयकिया इफेक्ट' काढणार, म्हणून तोही बघून घेऊ. नॉर्टन, मोकॉन आणि एरिएली यांचा २०१२ चा पेपर. लोकांना आयकियाचे साधे खोके जोडायला दिले, कागदाचे बेडूक आणि करकोचे करायला दिले, लेगो दिले. स्वतः केलेल्या ओबडधोबड कागदी पक्ष्याला लोकांनी जवळजवळ तज्ज्ञाने केलेल्याइतकी किंमत द्यायची तयारी दाखवली. इतरांना तो पक्षी कवडीमोल वाटला. यावरून 'कष्ट केले की प्रेम जडतं' असा निष्कर्ष निघतो आणि तो लगेच घरसजावटीला चिकटवला जातो. मला हे चिकटवणं आपल्याकडे पटत नाही. नवी मुंबईत आयकिया २०२० च्या डिसेंबरात उघडलं हे खरं, पण आपल्याकडे 'घर स्वतः केलं' म्हणणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा हातात स्क्रू ड्रायव्हरसुद्धा धरलेला नसतो. सुताराने घरात महिनाभर मुक्काम टाकलेला असतो, भुसा उडत असतो, आणि घरातली बाई चहाचा कप देता देता सांगत असते, 'दादा, हे फळकुट चार बोटं खाली घ्या, माझा हात पुरत नाही.' कष्ट सुताराचे, शब्द तिचा. एवढ्यावरही ते घर तिचं होतं. म्हणजे प्रेम जडायला कष्टच लागतात असं दिसत नाही, शब्द चालला तरी पुरतं. आयकियाच्या पेपरमध्ये फक्त 'कष्ट' मोजलेत, 'शब्दा'ला तिथे वावच नव्हता. नाइट-हॅस्लममध्ये कुंडी सरकवायला कसले आलेत कष्ट! तिथे मोजला गेलाय तो निर्णयच, आणि म्हणून मला तो पेपर घराच्या जास्त जवळचा वाटतो.

आयकियाच्या पेपरमधली एक गोष्ट मात्र उचलायला हवी. ज्यांनी लेगो जोडला आणि नंतर तो मोडला गेला, त्यांच्यात ही ओढ उरली नाही.

आता चौथी खोली. इथे माणसाला आधी तिसऱ्या खोलीसारखंच सांगितलं: हवं तसं मांडा. त्याने मांडलं. मग प्रयोग घेणारा आला, बघितलं, आणि त्याच्यादेखत सगळं उचलून स्वतःच्या पद्धतीने लावलं. म्हणजे समोर दिसायला दुसरीच खोली: झाडं आहेत, चित्रं आहेत. पण दुसऱ्या खोलीत झालेला सगळा फायदा इथे गेला, काम रिकाम्या खोलीच्या पातळीला येऊन बसलं. माझ्या मते पेपरमधला सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच, आणि बातमीत त्याला एक ओळही नव्हती. खोली सुंदर असणं पुरलं नाही. विचारून मग मोडणं हे मुळातच न विचारण्यापेक्षा वाईट ठरलं.

हे वाचताना मला आमची पहिली मीटिंग आठवली. डिझायनरने आईला आदराने विचारलं, 'काकू, किचनला कुठला रंग आवडेल?' आई लाजत म्हणाली, पिस्ता. त्याने लिहून घेतलं. तिने आणखी एक मागितलं, तिची स्टीलची मांडणी ओट्याजवळच्या भिंतीवर राहावी. ताटं, वाट्या समोर दिसल्या की तिला बरं वाटतं. तेही लिहून घेतलं. दहा दिवसांनी थ्रीडी चित्रं आली. किचन करड्या रंगाचं, हँडल नसलेली कपाटं, मांडणीच्या जागी उंच युनिट. 'काकू, ओपन रॅक थीममध्ये बसत नाही. आणि पिस्ता आता कोणी करत नाही.' आई म्हणाली, 'तुम्हाला चांगलं दिसेल तसं करा.' त्यानंतर तिने एकाही गोष्टीवर मत दिलं नाही. आम्ही समजलो, तिला आवडलं.

इथपर्यंत सगळा दोष डिझायनरवर ढकलून मी ही पोस्ट संपवू शकले असते, पहिला ड्राफ्ट तसाच होता. पण त्या प्रयोगात एका खोलीत एकच माणूस असतो. घरात चार असतात. 'स्वतः सजवा' म्हटल्यावर स्वतः म्हणजे कोण, हे पेपर विचारत नाही, कारण त्याला गरजच पडत नाही. आमच्याकडे थ्रीडी चित्रं आली तेव्हा दादाने 'मस्त' लिहिलं होतं. मीही. त्यावेळी माझ्या फोनमध्ये मी स्वतः गोळा केलेले पन्नास फोटो होते, माझ्या 'आपण करू' साठी. ते परवा उघडून बघितले. सगळी किचन्स करडी नाहीतर पांढरी. मांडणी एकातही नाही. डिझायनर नसता तर आईची खोली मी मोडली असती, आणि वर माझा पगार नाही म्हणून ती फुकटात मोडली असती.

दादाला मी एवढंच कळवलं की आकडा खरा आहे, पण तो आपल्याबद्दल नाही. पेपरमधलं आपल्याबद्दलचं जे आहे ते फोनवर सांगते.

गणपतीत घरी गेले होते. मांडणी ड्राय बाल्कनीतून किचनमध्ये परत आलीय. आईने बाबांना सांगून बोलावलेल्या माणसाने करड्या लॅमिनेटच्या बरोब्बर मध्ये ड्रिल मारून ती बसवली आहे, त्यामुळे उंच युनिटचं एक दार अर्धंच उघडतं. मी म्हटलं, दोन फूट डावीकडे घेऊया का, दारही उघडेल. आई ताटं पुसून लावत होती. म्हणाली, 'त्या दारात काही ठेवलेलं नाहीये मी.'